बदली फार्मासिस्ट म्हणून पहिली ड्यूटी

दुसऱ्या फार्मासिस्टच्या जागी तात्पुरतं काम करायचंय, तर पहिल्या दिवशी अर्धा तास आधी पोच. मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांचं कपाट उघडून गोळ्या स्वतः मोज, रजिस्टरमधल्या शिलकेशी ताडून बघ. फरक दिसला तर तिथल्या तिथे लिहून सही घे. किल्ली हातात आली की हिशेब तुझा. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करू नकोस, कितीही गर्दी असो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. चिठ्ठीवर ‘रोज’ दिसलं तर औषध देऊ नकोस, आधी डॉक्टरांना फोन लाव. चिडले तर चिडू देत. जादा तासांचे पैसे किती, ऐनवेळी ड्यूटी रद्द झाली तर काय, हे लेखी घे. ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्यांकडे मी जातच नाही. व्यावसायिक विमा तुझ्या नावावर आहे ना, तेही तपास.