हा वाद विद्यापीठाशी नाही

पत्र : मुलाचा बी.एस्सी.च्या सहाव्या सत्राचा निकाल विद्यापीठाने दोन महिन्यांपासून राखून ठेवला आहे. एमबीएच्या सीईटीत त्याला ९१ पर्सेंटाइल मिळाले असून आता प्रवेश हातचा जाईल अशी भीती आहे. फी घेतली, हॉलतिकीट दिले, पेपर घेतले. मग निकाल अडवण्याचा अधिकार यांना कोणी दिला? आधी ग्राहक मंचात आणि नंतर उच्च न्यायालयात जायचे आम्ही ठरवले आहे. मार्गदर्शन करावे. – एक पालक, सातारा जिल्हा

स. न. वि. वि.

आपले पत्र चार पानांचे आहे. पहिली तीन पाने विद्यापीठावर, महाविद्यालयाच्या कार्यालयावर आणि तिथल्या लिपिकावर खर्ची पडली आहेत. चौथ्या पानाच्या तळाशी, तेही कंसात, एक ओळ आहे : ‘चौथ्या सत्राचा एक विषय राहिला होता, असे तो आता सांगतो.’ माझी नजर त्यातल्या ‘आता’ या शब्दावर अडकली. एका विषयाची एटीकेटी राहणे ही पदवीच्या वर्गात रोज घडणारी गोष्ट आहे. ती घरी सांगायला एकवीस वर्षांच्या मुलाला दीड वर्ष लागावे, हे मात्र रोजचे नाही. सहाव्या सत्राचे पेपर झाले त्या दिवशीच आपण नातेवाइकांना ‘फर्स्ट क्लास’ कळवून टाकला, हेही आपणच लिहिले आहे. तो गप्प का राहिला याचे उत्तर मला त्या वाक्यात दिसते. संपूर्ण पत्रात ‘आम्ही परीक्षा दिली’, ‘आमचा निकाल अडवला’ असे आहे. मुलाच्या तोंडचे वाक्य त्या कंसाबाहेर एकही नाही.

निकाल का राखला आहे हे जोवर कळत नाही, तोवर कायद्याची चर्चा व्यर्थ आहे. अंतर्गत गुण महाविद्यालयाने पाठवले नसतील तर दोष महाविद्यालयाचा. गैरप्रकाराचा संशय असेल तर विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक, हे सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात १९६२ सालीच सांगून ठेवले आहे. परंतु खालच्या सत्राचा विषय सुटलेला नसेल, तर अंतिम निकाल राखून ठेवणे हा विद्यापीठाचा नियमच आहे, आणि तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसू देणे ही त्याच नियमातली सवलत आहे.

‘हॉलतिकीट दिले म्हणजे निकाल द्यावाच लागतो’ हे आपल्याला कोणीतरी कुरुक्षेत्र विद्यापीठाच्या खटल्यावरून सांगितलेले दिसते. १९७५ च्या त्या निवाड्यात कायद्याच्या एका विद्यार्थ्याची हजेरी कमी होती, ती तपासायला विद्यापीठाला पुरेसा अवधी होता, तरी त्यांनी त्याला परीक्षेला बसू दिले आणि मागाहून हरकत घेतली. ती चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले. न सुटलेला विषय हॉलतिकिटाने सुटतो, असे न्यायालयाने कुठेही म्हटलेले नाही. ग्राहक मंचाची (आता त्याला आयोग म्हणतात) कथा तर आपण जरूर ऐकावी. बिहारच्या शालान्त परीक्षेत १९९८ साली दोन मुलांना एकच आसनक्रमांक दिला गेला, त्यातल्या एकाचा निकाल लागला नाही, आणि त्याच्या वडिलांनी मंडळाविरुद्ध ग्राहक मंचात दाद मागितली. चूक उघडउघड मंडळाची होती आणि मंचांमध्ये वडील जिंकलेही. पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परीक्षा घेणारे मंडळ फी घेऊन सेवा विकत नाही, म्हणून परीक्षार्थी हा ग्राहक नव्हे. अकरा वर्षे! आपण एस.टी.त वाहक होता, म्हणून आपल्या भाषेत सांगतो : तिकीट काढणाऱ्याला गाडीत बसण्याचा हक्क मिळतो, तो प्रवास पुरा झाल्याचा दाखला नसतो.

याचा अर्थ विद्यापीठे निर्दोष आहेत असा मुळीच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे निकाल तीस दिवसांत आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने संगणकावरील उत्तरपत्रिका तपासणीच्या घोळात हजारो मुलांचे निकाल महिनोन्‌महिने लांबवले, आणि त्या वर्षी ऑक्टोबरात कुलगुरूंना पद गमवावे लागले. तेव्हा न्यायालयाची पायरी चढणाऱ्यांना मी कधीच दोष दिला नाही. आपल्या घरातला प्रकार त्या जातीचा आहे असे मात्र मला वाटत नाही.

आता करायचे एवढेच. चिरंजीवांनी चौथ्या सत्राची गुणपत्रिका आणि त्यानंतर दिलेल्या प्रत्येक फेरपरीक्षेची गुणपत्रिका समोर मांडावी. विषय सुटलेला असून नोंद जोडली गेली नसेल, तर महाविद्यालयामार्फत परीक्षा विभागाकडे प्रतींसह लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. त्यानेही हालचाल झाली नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे; तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्यावर लोकपाल आहे. विषय सुटलाच नसेल, तर वकिलाची फी वाचवावी आणि त्याला निवांत अभ्यास करू द्यावा. एमबीएची सीईटी पुढच्या वर्षीही आहे.

अर्ज त्याने स्वतः लिहावा, स्वतः नेऊन द्यावा. आपण बरोबर जाऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. तिथल्या लिपिकाशी आपले एकदा वाजलेले आहेच. नातेवाइकांना काय सांगायचे, हा प्रश्न आपला आहे, त्याचा नव्हे.

शेवटी, एमबीए त्याला करायचे आहे का, हे मला आपल्या पत्रावरून समजले नाही. त्याला मला वेगळे पत्र लिहायला सांगा, आणि ते आपण वाचू नका. उत्तर त्याच्याच नावे पाठवीन.