पोरगी मोर्चाला जाते, आता हिचं काय होणार?

मी समुपदेशक आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षेची मुलं जास्त, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. मुलगा असो वा मुलगी, संघटना डावी असो, उजवी असो, जातीची असो नाहीतर कुठल्या पक्षाची, आईवडिलांचं वाक्य ठरलेलं असतं: "चांगला अभ्यास चालला होता हो, कुणीतरी डोक्यात भरवलं." डोक्यात भरवणारा हा ‘कुणीतरी’ मला फार क्वचित भेटला आहे.

उदाहरण म्हणून एक कुटुंब सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील लातूर भागात जिल्हा परिषदेचे शिक्षक, आई घर सांभाळणारी. मुलगी, तिला आपण मेघना म्हणू, पदवीनंतर पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारी. ऑगस्ट 2024 मध्ये शास्त्री रस्त्यावर विद्यार्थ्यांनी रात्रभर ठिय्या दिला, तिथे ही बसली. 25 ऑगस्टलाच राज्यसेवेची पूर्व परीक्षा आणि आयबीपीएसची बँकेची परीक्षा आली होती. दोन्ही फॉर्म भरलेल्या मुलांनी करायचं काय? शिवाय कृषी सेवेच्या जागा त्याच परीक्षेत घ्या, अशीही मागणी होती. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली, मुलं अभ्यासिकांमध्ये परतली. मेघना मात्र एका विद्यार्थी संघटनेत जाऊ लागली. बैठका, पत्रकं, मोर्चे. दिवाळीला घरी गेली नाही, तेव्हा आईवडील गाडी धरून थेट पुण्यात आले.

"मॅडम, एक केस अंगावर पडली की सरकारी नोकरीचा विषय संपला," गुरुजी खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाले. ही भीती खोटी नाही. नियुक्तीआधी चारित्र्य पडताळणी होते आणि गुन्हा दाखल असेल तर तो सांगावा लागतो. पण ‘विषय संपला’ हेही खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग प्रकरणात सांगितलं आहे की तरुण वयात घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा असेल, तर तो लपवलेला असला तरी नोकरी देणाऱ्याला दुर्लक्ष करता येतं. मात्र तो त्याचा अधिकार आहे, उमेदवाराचा हक्क नाही. म्हणून मी मुलांना दोन गोष्टी बजावून सांगते: दगडाला हात लावायचा नाही आणि फॉर्ममध्ये खोटं लिहायचं नाही. गुरुजींनी हे वहीत लिहून घेतलं.

मेघनाशी आधी एकटीशी बोलले. ‘का जातेस?’ हा प्रश्न मी अशा मुलांना विचारत नाही. त्याला भाषणच उत्तर म्हणून येतं, आणि ते घरी आधीच झालेलं असतं. मी विचारलं, "त्या पहिल्या रात्री तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

ती थांबली. आतापर्यंत हाताची घडी घालून बसली होती, ती सुटली.

"अभ्यासिकेतली मुलगी. माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसते. दीड वर्ष."

"मैत्रीण?"

"नाही मॅडम. ‘पंखा कमी कर’ आणि ‘चार्जर आहे का’, एवढंच बोलणं. अभ्यासिकेत कोण कुणाशी बोलतं? त्या रात्री कळलं, ती परभणीची आहे. तिचेही दोन्ही फॉर्म होते. तिनेही घरी सांगितलं नव्हतं की एप्रिलची परीक्षा पुढे गेली तेव्हापासून तिचं पुस्तकात मन लागत नाही." मग जरा वेळाने, खाली बघत: "मला वाटायचं, फक्त माझंच होत नाहीये."

या वाक्यासाठी मी थांबलेली असते. तरुण मुलं चळवळीत कशी येतात याचं माझ्या खोलीत ऐकू आलेलं सगळ्यात खरं उत्तर हेच आहे. जाहिरात निघत नाही, तारीख पुढे जाते, निकाल अडकतो, आणि खोलीत एकटी बसलेली मुलगी या सगळ्याचा हिशेब स्वतःच्या नावावर मांडते: मी कमी पडले. मग एका रात्री रस्त्यावर शेकडो जण तोच हिशेब मांडताना दिसतात आणि लाजेचा राग होतो. तो राग मनाला मोकळं करतो. विचारसरणी, झेंडा, पुस्तकं हे सगळं मागून येतं.

हे माझं एकटीचं मत नाही. 1964 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतले शेकडो विद्यार्थी, बहुतेक गोरे, मिसिसिपीत काळ्या मतदारांची नोंदणी करायला गेले. जीव धोक्यात घालण्याचंच काम होतं. डग मॅकॲडम या समाजशास्त्रज्ञाने पुढे त्यांचे अर्ज तपासले. अर्ज करून प्रत्यक्ष गेलेले आणि अर्ज करून ऐनवेळी न गेलेले, दोघांचीही मतं तेवढीच पक्की होती. फरक पडला तो माणसांमुळे: गेलेल्यांचे जवळचे मित्रही त्या कामात होते.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे, ती पालकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात 1990 च्या दशकात महाविद्यालयातल्या थेट निवडणुका बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आल्या, पण कागदावरच. वर्गाचा प्रतिनिधी निवडणं, प्राचार्यांशी वाद घालणं, हरणं, यातलं काहीच या मुलांच्या वाट्याला आलेलं नाही. राजकारणाची त्यांची पहिली ओळख एकदम रस्त्यावरच होते. मग ती अंगावर येणारच!

पुढच्या भेटीला तिघंही होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुरुजी, तुम्ही कधी मोर्चाला गेलात?"

"छे."

मेघना खिडकीकडे तोंड करून बसली होती, ती गर्रकन वळली. "पप्पा, मार्च 2023? शाळेला कुलूप लावून तुम्ही सगळे तहसीलवर बसला होता. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेली टोपी अजून कपाटावर आहे."

"ते वेगळं होतं. ते हक्काचं होतं."

अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं. ते मला जमतं. शेवटी आईलाच हसू फुटलं. मग पदर सावरत त्या म्हणाल्या, "मी सांगू का? ही दीड वर्ष फोनवर ‘हो, नाही, जेवले’ एवढंच बोलायची. गणपतीत मात्र फोन आला तर अर्धा तास बोलत होती. मला बरं वाटलं. ह्यांना सांगितलं नाही."

माझा कल कुटुंबाकडे बघण्याचा आहे. एकटं मूल मला कधीच पूर्ण कळत नाही. 1967 मध्ये केनेथ केनिस्टन या मानसशास्त्रज्ञाने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काम करणाऱ्या तरुणांचा अभ्यास केला. त्याला बंडखोर मुलं फारशी आढळलीच नाहीत. बहुतेक जण घरात ऐकलेल्या मूल्यांनाच चिकटून होते, फक्त आईवडिलांपेक्षा जास्त हट्टाने. गुरुजींच्या कपाटावरची टोपी मला म्हणूनच महत्त्वाची वाटली.

पालकांना माझं सांगणं असं: ‘का गेलीस’ विचारू नका, ‘कुणाबरोबर होतीस, जेवलात का’ हे विचारा. पैसे बंद करतो, परत घेऊन येतो, लग्न लावून देतो, या धमक्यांनी मोर्चा सुटत नाही. मुलाला फक्त संघटनेचंच घर उरतं. एरवी शांत राहा, पण काही गोष्टींवर डोळा ठेवा. जुने मित्र एकदम तुटले, घरी सांगता येणार नाही असं काम सांगितलं जातंय, मुलाच्या बोलण्यात समोरचा माणूस माणूस राहिलेला नाही, किंवा ‘थोडे दिवस येणार नाही’ म्हटल्यावर कुणी गद्दार म्हणतं, तर मात्र उशीर करू नका. यातली शेवटची खूण मी सगळ्यात वर ठेवते आणि ती तपासायलाही सोपी आहे.

मेघनाने ती तपासली. पुढे ढकललेल्या परीक्षेची नवी तारीख 1 डिसेंबरची होती. तोपर्यंत तिने संघटनेकडे सुट्टी मागितली आणि ती कुरकुर न होता मिळाली. परभणीची मुलगी आणि ती एका टेबलावर अभ्यासाला बसू लागल्या. पूर्व परीक्षा थोडक्यात हुकली, पण गुरुजींनी त्याचं खापर मोर्चावर फोडलं नाही, निदान माझ्यासमोर तरी. आता तिला कायद्याचं शिक्षण घ्यायचं आहे. गुरुजींचा त्यालाही विरोध आहे, पण त्यावर बापलेक थेट एकमेकांशी भांडतात, मला फोन येत नाही.