वाचकांचे प्रश्न : रेडिएशनच्या खोलीतले कॅमेरे

प्रश्न : माझ्या आईला डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयात ‘लाइट’ (रेडिएशन) देत आहेत. छतावरचे तीन कॅमेरे तिच्या उघड्या छातीवर लाल प्रकाश टाकतात आणि तिला श्वास रोखायला सांगतात. आपले फोटो काढले जातात, या विचाराने ती संकोचते. हे कॅमेरे कशासाठी असतात? त्या प्रकाशाचा अपाय होतो का? जिथे ते नाहीत, तिथले उपचार कमी प्रतीचे समजावेत का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : तो लाल प्रकाश साधा असतो, त्यात रेडिएशन नसते, त्यामुळे त्याचा अपाय नाही. त्वचेवर पडणाऱ्या त्याच्या ठिपक्यांवरून संगणक छातीचा उंचसखल आकार तयार करतो आणि नियोजनाच्या वेळच्या सीटी स्कॅनमधील आकाराशी तो सतत ताडून पाहतो. पडद्यावर बहुधा हा आकारच दिसतो. तरीही नोंदी कोण पाहते, हे विचारण्याचा आणि जेवढा भाग आवश्यक तेवढाच उघडा ठेवावा असे सांगण्याचा आईंना पूर्ण हक्क आहे.

श्वास रोखण्याचे कारण हृदय आहे. खोल श्वास घेतल्यावर फुप्फुस फुगते, हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते आणि त्याला मिळणारी रेडिएशनची मात्रा घटते. मात्र श्वास दर वेळी तेवढाच भरला गेला पाहिजे. रुग्णालयाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे साधारणतः काही मिलिमीटरपेक्षा, छाती वरखाली झाली, की रेडिएशनचा झोत थांबवता येतो. अनेक यंत्रांत तो आपोआप थांबतो. आईंना मध्येच खोकला आला तर घाबरू नये. कॅमेऱ्याला फक्त त्वचा दिसते. गर्भाशयमुखासारख्या आतल्या अवयवाची जागा पाहण्यासाठी क्ष-किरण किंवा सीटी प्रतिमाच लागते.

कॅमेऱ्यांच्या वापरातली यापुढची पायरी अधिक रंजक आहे. झोतामुळे शरीरात सुटलेले इलेक्ट्रॉन, शरीरातून जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद धावतात, तेव्हा अतिशय मंद निळसर प्रकाश उमटतो. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ चेरेन्कोव्ह यांनी १९३४ मध्ये नोंदवलेल्या या परिणामाचे स्पष्टीकरण फ्रँक आणि टॅम यांनी दिले आणि तिघांना १९५८ चे नोबेल मिळाले. झोत अखंड नसून मायक्रोसेकंदांच्या स्पंदांत येतो. त्याच क्षणी कॅमेरा उघडला, तर प्रत्यक्ष उपचार चालू असताना झोत कुठे पडतो आहे ते दिसते; हनुवटीवर, दंडावर किंवा दुसऱ्या स्तनावर चुकून पडणारा भागही लक्षात येतो. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी हे तंत्र रुग्णांपर्यंत नेले. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य हा प्रकाश शोषून घेते, म्हणून सावळ्या त्वचेवर प्रतिमा फिकी येते. केवळ तिच्या तेजावरून मात्रा ठरवणे, निदान आपल्याकडच्या रुग्णांत, मला घाईचे वाटते.

कॅमेरे नाहीत म्हणून उपचार हलके ठरत नाहीत. त्वचेवरच्या खुणा, भिंतीवरचे लेसर आणि यंत्रावरच्या प्रतिमा यांच्या आधारे अचूक उपचार होतात. फक्त झोत चालू असतानाची हालचाल तेवढ्या बारकाईने कळत नाही. आईंनी एवढे करावे : मंगळसूत्र काढून ठेवावे, छातीवर पदर येऊ देऊ नये, खुणा पुसट झाल्यास स्वतः न गिरवता टेक्निशियनला सांगावे आणि श्वास रोखण्याचा सराव घरी झोपून करावा.