ऑक्टोबरात दिलेला शब्द

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इथिओपियात गेदेओतल्या तुझ्या नेहमीच्या वॉशिंग स्टेशनचा (कॉफीची फळं सोलून, धुऊन, वाळवतात ते ठिकाण) कॉफीचा नमुना यंदा चाखणीत शंभरपैकी 85.5 ला थांबला, शेजारच्या गुजीतल्या नव्या स्टेशनचा 88 पर्यंत गेला, आणि वर तो पौंडामागे 40 सेंट स्वस्त. जुन्या स्टेशनच्या मालकाला तू ऑक्टोबरात 60 पोती घेते म्हणून सांगितलं होतंस, "पण लेखी काही नव्हतं". आता काय करू, असं विचारतेस.

60 पोती घे. उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण पुढचं पत्र लांबणार आहे.

खरं सांगायचं तर त्या "लेखी काही नव्हतं"नं मला टोचलं. तुझ्या घरी द्राक्षबाग आहे. व्यापारी बागेत येतो, घड हातात घेतो, भाव ठरवतो, आणि बाजार उतरला की फोन उचलत नाही. त्यानंतर घरात काय होतं ते तू लहानपणापासून पाहिलंयस. मग दुबईत कॉफी भाजणाऱ्या रोस्टरीच्या कपिंग टेबलाशी, चाखणीच्या टेबलाशी, उभी राहिल्यावर तुला हा प्रश्न पडतोच कसा?

तू हो म्हणालीस तेव्हा पलीकडे काय सुरू झालं ते बघ. गेदेओतल्या शेतकऱ्याची कॉफी म्हणजे घराभोवतीचा लहानसा तुकडा, केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेतच्या झाडांमध्ये लावलेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तो पिकलेली चेरी, म्हणजे कॉफीचं फळ, खुडून स्टेशनवर आणतो आणि रोख पैसे घेऊन जातो. 1 किलो कच्च्या कॉफीला साधारण 6 किलो चेरी लागते. तुझी 60 पोती म्हणजे 3,600 किलो, म्हणजे साडेएकवीस टनांच्या आसपास चेरी. ती मालकानं बँकेचं व्याज अंगावर घेऊन भरली. हंगाम ऐन भरात आला की समोरचं स्टेशन किलोमागे दोन-चार बिर (तिथलं चलन) वाढवतं, मग यालाही वाढवावे लागतात, नाहीतर पिकलेला माल तिकडे जातो आणि याच्याकडे हिरवा-पिवळा उरतो. हे सगळं तो तुझ्या शब्दावर करतो. तुझे डॉलर त्याला दिसतात ते कागदपत्रं आणि जहाज झाल्यावर, म्हणजे कित्येक महिन्यांनी. कॉफीची खरेदी ऑक्टोबरात होते, बाळ. फेब्रुवारीत आपण फक्त चाखतो.

आता त्या अडीच गुणांकडे येऊ. तू मालकाला विचारलंस का, वाळवणीच्या वेळी पाऊस झाला का? पत्रात तसं काही दिसलं नाही. वॉश्ड कॉफी उंच जाळीच्या मांडवांवर दहा-पंधरा दिवस वाळते. दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात, हात सारखा फिरत असतो, फुटलेलं पार्चमेंट (कडक टरफलातला दाणा) आणि काळपट दाणे वेचून बाजूला जातात. दुपारी ऊन चढलं की झाकायचं, नाहीतर पार्चमेंट तडकतं. रात्री दवापासून झाकायचं. पाऊस आला की पुन्हा धावाधाव. ओलं पार्चमेंट हाताला गार लागतं, वाळत आलं की मुठीतून सोडताना कोरडं सळसळतं. त्या मांडवाशी एक दुपार काढ, मग तुझ्या गुणपत्रिकेतल्या अडीच गुणांमागे किती हात असतात ते दिसेल.

शिवाय नमुना ताजा आहे. वाळवणीवरून नुकत्याच उतरलेल्या कॉफीला गवताळ चव असते आणि ती मुरली की बदलते. तू दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच भाजणीनं, नावं झाकून, पाच-पाच कपांत चाखलेस का? तसं नसेल तर 88 आणि 85.5 ही तुलनाच कच्ची आहे. पण यात अडकू नकोस. उद्या नीट चाखून पुन्हा अडीच गुणांचा फरक निघाला, तरी माझं उत्तर तेच. 60 पोती घे.

मी एवढा हट्टाला का पेटतो, ते सांगतो. 2008 मध्ये इथिओपियात कमोडिटी एक्सचेंज, म्हणजे मालाचा सामायिक सौदेबाजार, आलं आणि बहुतेक कॉफी त्यातून जाऊ लागली. सहकारी संघांचा माल आणि काही मोठे मळे सोडले तर पोत्यावर प्रांत आणि ग्रेड एवढंच उरायचं. त्या काळात माझ्या हाती एक यिर्गाचेफे, म्हणजे गेदेओतल्याच त्या भागातलं कॉफीचं पोतं, आलं होतं. बर्गमॉटचा, संत्र्याच्या जातीच्या फळाचा, वास, खाली जर्दाळूचा गोडवा, आणि कप गार झाला तरी चव पडायची नाही. मी विचारत राहिलो, हे कुठल्या स्टेशनचं, कुठल्या डोंगराचं. कुणाला सांगता येईना. ते पिकवणाऱ्यापर्यंत मी कधीच पोचलो नाही, त्याला एक पैसा जास्त देता आला नाही, पुढच्या वर्षी घेतो असं म्हणताही आलं नाही. ही हळहळ अजून गेलेली नाही. 2017 मध्ये नियम बदलले, स्टेशनवाल्यांना स्वतःच्या नावानं निर्यात करायची वाट मोकळी झाली. तुझ्या पिढीला नाव आयतं मिळालं. मालकाचा फोन नंबर तुझ्याकडे आहे, त्याच्या मुलांची नावं तुला ठाऊक आहेत. आणि 40 सेंटांसाठी तू ते नाव पुसायला निघालीस!

माझ्याबद्दल तू ऐकलं असशील की मी महाग घेतो, भावनेत वाहतो. ज्या कंपनीत मी बरीच वर्षं खरेदी पाहिली, तिथे भाव पडलेल्या एका वर्षी मला सांगण्यात आलं की जुन्या स्टेशनना नकार कळव, बाजारात स्वस्त पडलंय. मी कळवलं नाही, नोकरी सोडली. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारातला कॉफीचा भाव पौंडाला 4 डॉलरच्या वर गेला, तेव्हा ठरलेले सौदे मोडणारे निर्यातदार थोडे नव्हते. मला माझ्या जुन्या लोकांनी बोललेल्या भावात माल दिला. त्यांना दुप्पट मागता आलं असतं, त्यांनी मागितलं नाही. तेव्हा मी महाग घेतो की स्वस्त, हा हिशेब कुठल्या वर्षी मांडायचा ते सांगणाऱ्यांनी ठरवावं.

गुजीचा माल 40 सेंटांनी स्वस्त का आहे, हेही विचारलं पाहिजे. बिरचा दर बाजारावर सोडायच्या आधी, म्हणजे जुलै 2024 पर्यंत, डॉलर मिळवायचे म्हणून कॉफी तोट्यात विकायची आणि आयातीत भरून काढायचं, असे व्यवहार सर्रास चालत. ते दिवस गेले. मग आज स्वस्त कसा? चेरीखरेदीची वही मागव. लॉट कुठल्या तारखांचा, किती मांडवांवर वाळला, ड्राय मिलमध्ये (टरफल काढायच्या गिरणीत) वेगळा निघाला का, ते विचार. उत्तरं चोख आली तर दहा पोती घे आणि त्याला सांग, पुढच्या ऑक्टोबरात बोलू. मग तिथेही शब्द दे आणि तिथेही पाळ.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर तू उलटा अर्थ घेशील. खराब माल गिळ, असं मी म्हणत नाही. जहाजापूर्वीच्या नमुन्यात बुरशी लागली, औषधासारखा फिनॉल आला, ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला, तर नाही म्हण. तेवढा हक्क राखूनच व्यवहार होतो आणि मालकालाही ते मान्य असतं. पण 85.5 ला दोष म्हणत नाहीत. ती चांगली कॉफी आहे, फक्त या वर्षीची आहे.

आजच त्याला फोन कर. मेसेज नको, फोन. 60 पोती पक्की म्हणून सांग आणि मग विचार, पावसाआधी वाळलेला माल वेगळा ठेवलाय का. ठेवला असेल तर 20 पोती त्यातली माग आणि त्याला पौंडामागे थोडं जास्त दे. उरलेली तुझ्या एस्प्रेसो ब्लेंडला उत्तम चालतील. पार्चमेंट अदिस अबाबाच्या ड्राय मिलला मार्चमध्ये पोचलं पाहिजे, कारण मागे राहिलं की तिथे रांग लागते आणि जूनपासून अदिसचा पाऊस सुरू होतो. पोत्याच्या आतली ग्रेनप्रोची हवाबंद पिशवी करारात लिहून घे. जिबूती बंदराच्या उकाड्यात कंटेनर अडकून पडला तर तिचाच आधार असतो. पूर्ण कंटेनर 320 पोत्यांचा, तेव्हा दुबईच्या जबेल अली बंदरात माल आणणाऱ्या दुसऱ्या कुणाशी वाटून घ्यावा लागेल. दोघे-तिघे माझ्या माहितीत आहेत, विचारून ठेवतो. आणि पुढच्या ऑक्टोबरात बोलताना चेरीच्या उचलीतला काही भाग आधी पाठवायला तुझ्या रोस्टरीच्या मालकांना तयार कर. ते नाही म्हणाले तर मला सांग, मी बोलतो त्यांच्याशी.

फोन झाला की कळव.