तुमचे प्रश्न: पिंपल्स असताना फेशियल करू की नको?

ताई, मी 19 वर्षांची आहे. पिंपल्स कमी व्हावेत म्हणून फेशियल केलं. स्क्रब, 20 मिनिटं क्रीमने मसाज, स्टीम, मग पॅक. दोन दिवस चेहरा एकदम मस्त होता, पाचव्या दिवशी गाल आणि जबडा पुळ्यांनी भरला. पार्लरमध्ये म्हणाल्या, आतली घाण बाहेर पडतेय, अजून दोन सिटिंग घे. घेऊ का?

नको घेऊस गं. 'घाण बाहेर पडतेय' हे मीही शिकताना ऐकलंय आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला क्लायंटना तेच ऐकवलंय पण. आत घाण वगैरे काही साठलेली नसते. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तेल वर यायला एक बारीक वाट असते, त्या वाटेत मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, मागे तेल तुंबतं, त्यात जिवाणू वाढतात (ते तुझ्या-माझ्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही) आणि शेवटी त्या वाटेची भिंत फुटून आजूबाजूला सूज येते. ती सूज म्हणजे तुझी लाल पुळी. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नाही, उघड्या तोंडाशी मेलॅनिन (त्वचेचा रंग) आणि हवेने काळं पडलेलं तेल असतं ते, त्यामुळे घासून जायचं नाही.

आता तुझ्या बाबतीत झालं काय असेल, तर आतल्या आत तुंबलेली छिद्रं बरीच होती, त्यावर स्क्रब फिरला आणि वर 20 मिनिटं रगडणं, म्हणजे ज्या भिंती एरवी कदाचित टिकल्या असत्या त्या फुटल्या. पहिल्या दोन दिवसांचा ग्लो म्हणजे थोडी सूज आणि वाढलेलं रक्ताभिसरण. त्या जड क्रीमचा हिशोब वेगळाच, तो सावकाश येतो. बूच बसून वर दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात, त्यामुळे महिन्या-दीड महिन्याने बारीक दाणे आले तर त्याचा संबंध फेशियलशी आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. कॉस्मेटिक्समुळे येणाऱ्या अशा पुरळाला क्लिगमन आणि मिल्स या त्वचातज्ज्ञांनी 1972 मध्येच 'अ‍ॅक्ने कॉस्मेटिका' असं नाव देऊन ठेवलंय, म्हणजे हे काही नवीन ज्ञान नाही!

मग पिंपल्सवाल्यांनी पार्लरची पायरी चढायचीच नाही का? क्लीनअप, पील, मशीन, एवढं सगळं असतं, त्यातलं नेमकं काय करून घ्यावं?

चढायची की, पण फेशियल म्हणजे पिंपल्सवरचा इलाज नाही, इलाजाला हातभार आहे, एवढं धरून चालायचं. आणि अशा त्वचेच्या फेशियलमध्ये काय केलं यापेक्षा काय काय गाळलं हे मी आधी बघते. मसाज गाळायचा, दाणेदार स्क्रब गाळायचा, ब्लीच तर नावच नको. उरतं ते साधं क्लेन्झिंग, एक्स्ट्रॅक्शन (छिद्रातलं बूच दाबून काढणं) आणि जमलं तर हलकं पील (आम्ल लावून वरची मेलेली साल काढणं).

एक्स्ट्रॅक्शन नीट कसं दिसतं ते सांगते म्हणजे पुढच्या वेळी आडवं पडल्यावर तुम्हालाच कळेल. भिंगाचा दिवा चेहऱ्यावर ओढलेला हवा, हातात ग्लोव्हज हवेत, आणि बंद व्हाईटहेड असेल तर नवीन सीलबंद सुई तुमच्यासमोर फोडायला हवी. ती सुई उभी खुपसत नाहीत, जवळजवळ आडवी धरून वरची पातळ साल फक्त टोकाने उचकतात, मग टिश्यू गुंडाळलेली दोन बोटं जरा लांब ठेवून खालून हळू दाबतात, की पांढरी गोळी आपोआप वर येते. दोनदा दाबून नाही आली तर सोडून द्यायची. तिसऱ्यांदा दाबणारी बाई मला चालत नाही, कारण त्या तिसऱ्या दाबाचाच डाग पुढे कित्येक महिने राहतो, आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर तर जास्तच. लाल, दुखरी पुळी असेल तर एकदाही दाबायची नाही. आणि नाकावरचे ते करडे ठिपके, ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतातच, तेलाचे नॉर्मल धागे असतात, काढले तरी काही आठवड्यांत परत भरतात, त्यासाठी पैसे घालवू नका.

पीलच्या आम्लांमध्ये पिंपल्ससाठी सॅलिसिलिक माझं आवडतं, कारण ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात उतरतं, ग्लायकोलिक पाण्यात विरघळणारं. डॉक्टरांकडे ते साधारण 20 ते 30 टक्क्यांचं असतं, आणि दोन पीलमध्ये दोन ते चार आठवडे जायला हवेत. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा, सॅलिसिलिक टाळतात. रात्री अ‍ॅडापलीनसारखं रेटिनॉइड (पिंपल्सवरचं औषधी क्रीम) लावत असाल तर काही दिवस आधी थांबवायचं, नाहीतर चेहरा सोलून निघतो. नंतर सनस्क्रीन, एसपीएफ 30 तरी, त्यात सूट नाही.

काचेची नळी चेहऱ्यावर फिरवतात ना, चर्र आवाज आणि ओझोनचा वास येणारी, ते हाय फ्रिक्वेन्सी मशीन. गंमत वाटते, मी त्याच्यावर फार भरवसा ठेवत नाही.

पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत आणि पुढच्या आठवड्यात घरात फंक्शन आहे. अप्पर लिप वॅक्स आणि पील केलं तर चालेल?

वॅक्स अजिबात नाही, या गोळीवर त्वचा इतकी नाजूक होते की केसांबरोबर सालही येते. पीलचं तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि गोळी नसती तरी फंक्शनच्या आठवड्यात पहिल्यांदा पील, हा जुगार मी खेळले नसते. थ्रेडिंग किंवा ट्रिमर, आणि भरपूर मॉइश्चरायझर.

माझ्या 16 वर्षांच्या मुलाला गालावर मोठ्या, दुखणाऱ्या गाठी येतात. त्याला फेशियलला आणू का? तो लाजतो, कॅमेऱ्यासमोर येत नाही.

ताई, माझ्याकडे आणू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे न्या, आणि याच महिन्यात न्या. खोल गाठी खड्डे ठेवून जातात आणि खड्डे भरायला पिंपल्स बरे करण्यापेक्षा कितीतरी पट वेळ आणि पैसा लागतो. औषधाचा फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात, तर तिसऱ्या आठवड्यात 'काहीच होत नाहीये' म्हणून बंद करू देऊ नका, मुलं तेच करतात. डॉक्टरांनी बेन्झॉइल पेरॉक्साइड (पिंपल्सवर लावायचं औषध) दिलं तर त्याला पांढरा टॉवेल आणि पांढरी उशी द्या, रंगीत कपड्यांचा रंग उडतो. आणि कुणी ओळखीतल्याने 'ही ट्यूब लाव, दोन दिवसांत साफ' असं म्हटलं तर ट्यूबच्या मागे काय लिहिलंय ते वाचा, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, ती ट्यूब घरातूनच काढून टाका.