नव्याने बांधलेले इंजिन, पेटणारा ऑइलचा दिवा आणि ग्राहकाचा हक्क

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९७२ सालची फियाट ११०० आहे. गेल्या वर्षी अंबडजवळच्या एका गॅरेजमध्ये तिच्या फुल इंजिनचे काम करून घेतले. क्रँक ग्राइंडिंग (इंजिनातला मुख्य फिरता दांडा घासून मापात आणणे) आणि बोअरिंग (सिलिंडर मापात पोखरणे) गॅरेजवाल्यांनीच बाहेरच्या वर्कशॉपमधून करून आणले. बेअरिंगचा सेट मात्र मी स्वतः दुकानातून आणून दिला. ठरलेल्या ९० हजारांपैकी ६५ हजार दिले आहेत. गाडी घरी आल्यावर पाचशे किलोमीटर झाले तेव्हा पेट्रोल पंपावर ऑइल बदलून ५डब्ल्यू-३० भरले. पुढे त्र्यंबकेश्वरहून परतताना सातपूरच्या सिग्नलला थांबलो असता ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. ॲक्सिलरेटर दाबला की विझतो. गॅरेजवाले म्हणतात, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. इंजिन परत उघडायचं तर मजुरी वेगळी, आणि आधी बाकी द्या." ओळखीचे दुसरे मिस्त्री इंजिन उघडायला तयार आहेत. त्यांच्याकडून काम करून घेऊन खर्च पहिल्या गॅरेजवाल्यांकडून वसूल करता येईल का? बाकी २५ हजार द्यावेत का? ही गाडी मी अधूनमधून फोटोशूटसाठी भाड्याने देतो. – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : सर्वप्रथम एक कळकळीची विनंती. दुसऱ्या मिस्त्रींना इंजिनला आज पाना लावू देऊ नका. आपला दावा उभा राहणार की पडणार, हे इंजिन कोणत्या क्रमाने, कोणासमोर आणि कोणत्या नोंदींसह उघडले जाते, यावर ठरणार आहे. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) एकदा खाली आला, बेअरिंग बाहेर निघाली आणि नवी बसली, की आधीची अवस्था सिद्ध करण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. मग "दोष आमच्या कामात नव्हता, दुसऱ्या मिस्त्रींनी केला" या बचावाला आपल्याकडे उत्तर उरत नाही. सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराचीच असते, हे सर्वोच्च न्यायालयाने एस.जी.एस. इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या २०२१ सालच्या निकालात स्पष्ट केले आहे. आपल्या तक्रारीला या कसोटीवर उतरावे लागेल.

आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओघात लिहून गेला आहात, ती म्हणजे ऑइल. त्या काळच्या इंजिनांसाठी आपल्याकडे साधारणपणे २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० अशा जाड ऑइलचा वापर होतो, कारण त्यांच्यातली बेअरिंगची फट आजच्या इंजिनांपेक्षा मोकळी असते. ५डब्ल्यू-३० तापल्यावर त्या मानाने बरेच पातळ होते आणि स्लो स्पीडला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन मंद चालते तेव्हा, ऑइलचा दाब खाली येतो; लाल दिवा त्याचीच सूचना देतो. दिवा ऑइल बदलल्यानंतर लागला, हा क्रम गॅरेजवाल्यांचे वकील पहिल्याच दिवशी ग्राहक आयोगासमोर ठेवतील आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही. म्हणून आताचे ऑइल काढताना त्यातले अर्धा लिटर स्वच्छ बाटलीत भरून, सील करून, तारीख घालून ठेवा. त्याला पेट्रोलचा वास येतो का, हेही पाहा, कारण या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला असतो आणि त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करते. त्यानंतर गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे योग्य ग्रेडचे ऑइल भरून दाब मोजून घ्या. तो जर नीट आला, तर स्पष्टच सांगतो, आपला कोणावरही दावा राहत नाही आणि बाकी रक्कम देऊन टाकणे योग्य ठरेल.

दाब मोजून घ्या, असे मी मुद्दाम म्हणतो. दिव्यावरून दाब किती आहे ते कळत नाही. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच साधारण ४ ते ७ पौंडांच्या (दर चौरस इंचाला) खाली दाब गेला की दिवा लावतो. स्विच बिघडला असेल किंवा त्याची वायर कुठे बॉडीला टेकत असेल, तर इंजिन ठणठणीत असतानाही दिवा पेटतो. ब्लॉकवरचा तो स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज लावावा, इंजिन वीसेक मिनिटे चालवून पूर्ण तापू द्यावे, आणि एकदा स्लो स्पीडला व एकदा दोन हजार आर.पी.एम.च्या आसपास काटा कुठे आहे ते नोंदवावे. कारागीर मंडळी दर हजार आर.पी.एम.ला सुमारे १० पौंड असा ढोबळ हिशेब धरतात, तथापि आयोगासमोर आधार घ्यायचा तो कंपनीच्या मॅन्युअलचाच. त्या पानाची प्रत आत्ताच मिळवून ठेवा.

ही मोजणी एकट्याने करू नका. गॅरेजवाल्यांना लेखी नोटीस पाठवा, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि सोबत व्हॉट्सॲपवरही. तीत केलेले काम, दिलेली रक्कम, दिसलेला दोष आणि ऑइल बदलल्याची गोष्ट, सर्व काही न लपवता लिहा, आणि संयुक्त तपासणीसाठी दिवस, वेळ व ठिकाण कळवून किमान पंधरा दिवसांची मुदत द्या. तपासणीला मिस्त्रींखेरीज एक त्रयस्थ जाणकार असावा: चार्टर्ड इंजिनिअर, विमा क्षेत्रातील परवानाधारक सर्व्हेअर, किंवा एखाद्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या यंत्र विभागातील अध्यापक मिळाले तर उत्तम. गॅरेजवाले आले नाहीत, तरी नोटीस पोचल्याचा पुरावा आणि त्रयस्थाचा सहीचा अहवाल आपल्या हाती राहतो. मोबाइलवरील संदेश, फोटो आणि चित्रफिती पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ मोबाइल विकू नका, फॉरमॅटही करू नका.

गेजवरही दाब कमीच दिसला, तर मग तपासणी बाहेरून आत अशी न्यावी, कारण प्रत्येक टप्प्यावर जबाबदार व्यक्ती बदलते. आधी जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह पाहावा. त्याची स्प्रिंग बसलेली किंवा तो कचऱ्याने उघडा अडकलेला असेल, तर तो जोडणीच्या वेळच्या तपासणीचा किंवा स्वच्छतेचा दोष. चेंबर उतरवल्यावर स्ट्रेनर (ऑइलची गाळणी) आणि त्याच्या नळीचा जोड पाहावा, कारण तिथून हवा ओढली गेली तरी दाब पडतो. त्यानंतर ऑइल पंपाच्या गिअरची झीज. फुल इंजिनचे काम घेतलेल्या कारागिराने जुना, झिजलेला पंप न मोजता परत बसवला असेल, तर माझ्या मते ती उघड त्रुटी आहे, मग बिलात पंपाचा उल्लेख असो वा नसो. कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बुशांबाबतही माझे हेच मत आहे.

खरा वादाचा मुद्दा बेअरिंगचा आहे, कारण ती आपण आणली. बेअरिंगच्या शेलच्या, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या, पाठीवर साइज ठोकलेली असते, ०१०, ०२० अशी इंचाच्या हजाराव्या भागात किंवा मिलिमीटरमध्ये. एक मेन आणि एक कनेक्टिंग रॉडचे कॅप उघडून त्या आकड्याचा फोटो घ्यावा, मायक्रोमीटरने क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) मोजून घ्यावे, आणि प्लास्टिगेजची, म्हणजे दबणाऱ्या प्लास्टिकची, बारीक पट्टी जर्नलवर ठेवून कॅप ठरल्या ताकदीने आवळून ती किती दबते यावरून फट काढावी. दोन इंचांच्या जर्नलला ०.००२ इंचाच्या, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिमीटरच्या आसपासची फट ढोबळमानाने योग्य समजली जाते. जर्नल ठरल्या मापापेक्षा जास्त घासले गेले असेल, तर दोष वर्कशॉपचा. परंतु ते वर्कशॉप गॅरेजवाल्यांनी निवडले आणि आपला करार गॅरेजवाल्यांशी झाला, त्यामुळे आपल्यासमोर उत्तरदायी तेच, आणि ग्राइंडिंगवाल्यांना आपण हवे तर दुसरे सामनेवाले (तक्रारीतील विरुद्ध पक्ष) करू शकतो. जर्नल अचूक असून शेलच सदोष निघाले, तर विक्रेत्यांना सामील करावे लागेल आणि त्यासाठी दुकानाचे बिल लागेल. तसे झाले तरी गॅरेजवाले पूर्ण सुटत नाहीत. ग्राहकाने आणून दिलेला भाग बसवण्याआधी फट मोजणे, हे कौशल्य विकणाऱ्याचे काम आहे. शेलवर खोल, उभे ओरखडे आणि रुतलेले लोखंडी कण दिसले, तर ग्राइंडिंगनंतर ऑइलची छिद्रे नीट धुतली गेली नाहीत, असे तज्ज्ञ सांगू शकतील. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, तारखेची चिठ्ठी आणि सह्या घेऊन स्वतःजवळ ठेवा. भंगारात टाकू देऊ नका.

तोवर गाडी चालवू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ चे स्पष्टीकरण असे सांगते, की नुकसानीचा अंदाज घेताना ते टाळण्याचे उपलब्ध मार्गही विचारात घ्यायचे असतात. लाल दिवा पेटत असताना आपण आणखी फेऱ्या मारल्या आणि क्रँक जाम झाला, तर त्या वाढीव नुकसानीचा भार बहुधा आपल्यावरच येईल.

आता बाकी २५ हजारांविषयी. दुरुस्तीची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा अधिकार कारागिराला त्याच अधिनियमाच्या कलम १७० ने दिला आहे. गाडी आपल्या घरी असल्याने त्या जुन्या बाकीसाठी तो अधिकार आज संपलेला आहे. मात्र गाडी पुन्हा त्यांच्या गॅरेजमध्ये नेऊन लावली, तर ताब्याचा वाद नव्याने उभा राहू शकतो, म्हणून तपासणी शक्यतो आपल्या दारात किंवा त्रयस्थ ठिकाणी करावी. रक्कम गुपचूप थकवू नका. नोटिशीतच लिहा, की दोषाचा निर्णय होईपर्यंत ती राखून ठेवली आहे आणि दोष त्यांचा नसल्यास ती त्वरित दिली जाईल. काही कारणाने द्यावीच लागली, तर "हक्क राखून" असे पावतीवर लिहून द्या. "काम समाधानकारक, हिशेब पूर्ण" अशा मजकुराखाली सही करू नका.

दुसऱ्या मिस्त्रींच्या खर्चाची वसुली शक्य आहे, पण वरील नोंदी झाल्यानंतरच. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे आपण राहत्या ठिकाणच्या आधारे तक्रार करू शकता; सेवेच्या मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती सुरक्षिततेसाठी गाडी ताब्यात घेतल्याच्या तारखेपासून मोजावी. कलम ३९ खाली दिलेले पैसे परत, त्रुटी दूर करणे आणि भरपाई या मागण्या करता येतात. दुसऱ्या गॅरेजचे लेखी अंदाजपत्रक तक्रारीसोबत जोडा, आणि सुटे भाग सदोष असल्याचा मुद्दा असेल तर ते प्रयोगशाळेत तपासण्याचा अर्ज कलम ३८ खाली द्या. मानसिक त्रासापोटी फुगवलेला आकडा घालू नये. ९० हजारांच्या कामावर पाच लाखांची मागणी तक्रारीचे वजन कमी करते.

फोटोशूटच्या भाड्यामुळे "तुम्ही ग्राहकच नाही, व्यावसायिक आहात" असा आक्षेप येईल. गाडीचा मुख्य वापर घरगुती असेल आणि भाडे क्वचितच मिळत असेल, तर मला तो आक्षेप टिकण्यासारखा वाटत नाही. तथापि ही बाब तक्रारीत स्वतःहून सांगा, कारण ती उलटतपासणीत बाहेर आली तर बाकी सत्यावरही शंका घेतली जाते. एक गोष्ट मात्र तपासून घ्या. गाडीची नोंदणी २०२१ च्या नियमांप्रमाणे "व्हिंटेज" म्हणून करून घेतली असेल, तर तिचा व्यावसायिक वापर करण्यास मनाई आहे आणि रस्त्यावर आणण्याची कारणेही प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशी मोजकीच आहेत. तशी नोंदणी असल्यास फोटोशूट आजच थांबवा.

गॅरेजवाले संयुक्त तपासणीला आले आणि दोष मान्य करून काम करून द्यायला तयार झाले, तर मी तडजोडीच्या बाजूने आहे, कारण या इंजिनाला हात लावणारे चांगले कारागीर नाशिकमध्ये आता मोजकेच उरले आहेत. तडजोड तोंडी नको. कोणते भाग कोण आणणार, मजुरी कोणाची, काम किती दिवसांत, इंजिन तापल्यावर स्लो स्पीडला आणि दोन हजार आर.पी.एम.ला गेजवर किमान किती पौंड दाब दिसला पाहिजे, आणि तो किती महिने किंवा किती किलोमीटर टिकला पाहिजे, हे आकड्यांत लिहून दोघांच्या सह्या घ्या. बाकी २५ हजार त्या आकड्यांची खात्री झाल्याच्या दिवशी द्यावेत.