पर्सनल ट्रेनरची परीक्षा देण्याआधी व्यायाम आणि आहाराचं काय पक्कं हवं?

तुमचा प्रश्न असा आहे: तीन महिन्यांवर सर्टिफिकेटची परीक्षा आली आहे, पुस्तक जाडजूड आहे, स्वतः पाच-सहा वर्षं जिम करताय. तर शरीरशास्त्र आणि आहार किती यायला हवा, आणि क्लायंटला डाएट लिहून देता येतं का?

पुस्तकात स्नायू एका प्रकरणात, ऊर्जा दुसऱ्यात, आहार तिसऱ्यात. जिममध्ये हे सगळं एकाच माणसाच्या अंगात एकदम समोर येतं. म्हणून एक क्लायंट डोळ्यांपुढे ठेवून अभ्यास करा. समजा एक बाई आहेत: वय ४२, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो, बैठं काम, शाकाहारी, रक्तदाबाची रोज एक गोळी.

सुरुवात गोळीपासून. नुसतं 'बीपीची गोळी' ऐकून पुढे जाऊ नका, पाकिटावरचं नाव वाचा. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल असेल तर ती बीटा ब्लॉकर आहे, हृदयाचे ठोके वाढू न देणं हेच तिचं काम. मग जास्तीत जास्त ठोके २२० उणे वय म्हणजे १७८ आणि त्याचे ७० टक्के म्हणजे १२५, हे गणित निकामी झालं. तो आकडा गाठायला तुम्ही ट्रेडमिलचा वेग वाढवत राहाल आणि बाई धापा टाकतील. अशा वेळी बोलण्यावरून ओळखायचं: वाक्य पूर्ण करता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, तो मध्यम वेग. ॲम्लोडिपिन असेल तर ती रक्तवाहिन्या सैलावते, त्यामुळे व्यायाम एकदम थांबवला की चक्कर येऊ शकते. शेवटची ५ ते १० मिनिटं सावकाश चालवा. बसल्या जागी रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त दिसला तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. आणि वजन दहा किलो उतरलं तरी गोळी कमी करा असं आपण कधीही म्हणायचं नाही.

आता स्क्वॉट. बाई खाली जातात आणि टाचा उचलल्या जातात. बहुतेक नवे ट्रेनर 'टाचा खाली, टाचा खाली' असं ओरडत बसतात. आधी कारण शोधा. वजन न देता उकिडवं बसायला सांगा. टाचा टेकवून आरामात बसता आलं तर घोट्याची हालचाल पुरेशी आहे. अडचण ताकदीची, तोलाची किंवा भीतीची. मग ४ ते ५ किलोचा डंबेल छातीशी धरायला द्या. पुढच्या वजनाने तोल सावरतो आणि पाठ फार न वाकवता खाली जाता येतं. उकिडवं बसताच येत नसेल तर भिंतीसमोर उभं करा, पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का पाहा. टेकत नसेल तर घोटा अडतोय. सध्या टाचांखाली अडीच किलोच्या प्लेटा सरकवा आणि पोटरीचं काम वेगळं घ्या. स्नायूंची नावंही अशीच पाठ करा: वर येताना गुडघा सरळ कोण करतं, कंबर कोण उघडतं, पाठ कोण धरून ठेवतं. सुटी यादी परीक्षेनंतर आठवडाभरसुद्धा टिकत नाही.

प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोडची (स्नायूंवरचा भार हळूहळू वाढवत नेण्याची) व्याख्या सगळ्यांना येते, अडतं ते डंबेलच्या रॅकपाशी. खूप जिममध्ये डंबेल अडीच-अडीच किलोंनी वाढतात. बाई ५ किलोचे डंबेल खांद्यावरून १२ वेळा दाबतायत, तुम्ही साडेसात हातात दिले. ही वाढ ५० टक्क्यांची झाली! एपलीच्या सूत्राने बघा: ५ × (१ + १२/३०) = ७, म्हणजे त्यांचं एका वेळेचं जास्तीत जास्त वजन साधारण ७ किलो. साडेसात एकदाही जाणार नाही, गेलंच तर कंबर मागे वाकवून. सूत्र ढोबळ आहे, १० रेप्सच्या (एका दमात केलेल्या आवर्तनांच्या) पुढे आणखी ढोबळ होतं, पण गोची कुठे आहे ते नेमकं दाखवतं. मार्ग आहेत: रेप्स १८-२० पर्यंत न्या, सेट दोनाचे तीन करा, खाली आणताना ३ सेकंद घ्या, किंवा डंबेलला चिकटणाऱ्या अर्धा-एक किलोच्या चकत्या घ्या. पायांच्या व्यायामात हा प्रश्न इतका येत नाही, कारण तिथे स्वतःचं वजनही उचललं जातं.

पहिले सहा आठवडे आठवड्यातून तीन दिवस, चार-पाच व्यायाम, २ सेट, १० ते १२ रेप्स, आणि प्रत्येक सेट अजून दोन-तीन रेप्स अंगात शिल्लक असताना थांबवायचा. ऊर्जेच्या प्रकरणाचा उपयोग इथे होतो. जड सेटला लागणारं क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे स्नायूंतलं झटपट इंधन, ३० सेकंदांत जेमतेम निम्मं भरून येतं, पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं. म्हणून जड व्यायामात दोन-तीन मिनिटांची विश्रांती हा आळस नव्हे. पहिल्याच दिवशी १०० बैठका काढून घेणं मात्र खरंच धोक्याचं आहे. अंग दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं, ते ठीक. पण स्नायू सुजले आणि लघवी कोकच्या रंगाची झाली तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल.

आहाराकडे वळू. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला किती कॅलरी लागतात ते सांगणारं मिफ्लिन-सेंट जिओरचं सूत्र: १० × ७४, अधिक ६.२५ × १५८, उणे ५ × ४२, उणे १६१. उत्तर सुमारे १३५५ कॅलरी. बैठ्या कामाला १.४ ने गुणलं की १९०० च्या आसपास. रोज १५०० धरा आणि दोन-तीन आठवडे वजनाची सरासरी बघून आकडा बदला. पहिल्या आठवड्यातल्या दोन किलोंवर फुशारकी नको. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साठवणीतल्या साखरेबरोबर) सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, आधी तेच उतरतं.

प्रोटीन किलोमागे १.२ ग्रॅम धरलं तरी ८९ ग्रॅम होतं. त्यांचं रोजचं ताट मोजा. पोहे ६ ग्रॅम. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, थोडा भात, दही मिळून १८. दोन चहा ३. रात्री भाकरी आणि मटकीची उसळ १३. एकूण ४०. 'डाळ खा' म्हणून उरलेलं भरत नाही, कारण वाटीभर पातळ वरणात ५ ग्रॅमच असतं. शेंगदाण्यांनीही नाही: ३० ग्रॅम दाण्यांत प्रोटीन साडेसात आणि कॅलरी १७०. त्यापेक्षा ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स म्हणजे १५ ग्रॅम, पाव लिटर दूध ८, व्हे प्रोटीन पावडरचा एक स्कूप २४. बेरीज ८७.

यात सुमारे ३७० कॅलरी वाढल्या, त्या कुठून तरी काढायला हव्यात. 'तेल कमी खाता ना?' असं विचारलं की सगळे हो म्हणतात. विचारायचं असं: घरात माणसं किती आणि महिन्याला तेलाच्या पिशव्या किती? चार माणसांत ५ लिटर म्हणजे माणशी रोज ४१ मिली, साधारण ३४० कॅलरी. तीन पिशव्यांवर आणलं की १३५ वाचल्या. बाकीच्या चहाची साखर, बिस्किटं आणि फरसाणातून. उपवास असतील तर तेही आधीच विचारा. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, त्या दिवशी दूध, दही, पनीर हेच आधार.

डाएट लिहून देण्याबद्दल: निरोगी माणसाला काय, किती आणि केव्हा खावं याचं सर्वसाधारण मार्गदर्शन आपल्या कक्षेत बसतं. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) सुरू असलेला मधुमेह, तिथे आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर. पण अशा मधुमेही माणसाला व्यायाम तुम्हीच द्याल, तेव्हा घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं ओळखता आली पाहिजेत. रक्तातली साखर ७० च्या खाली असेल तर शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून श्वास देणं, वाचून येत नाही, पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करा: मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी, ३० दाबांनंतर २ श्वास, आणि दुसऱ्या कुणाला तरी बोट दाखवून १०८ लावायला सांगा. नुसतं 'कुणीतरी फोन करा' म्हटलं तर कुणीच करत नाही.